पहिल्या लक्षणापासून ओपीडीच्या बाकापर्यंत: मानसिक आजाराकडे समाजशास्त्र कसं पाहतं

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे. ती समाजशास्त्रात एम. ए. करते आणि लघुप्रबंधासाठी तिला मानसिक आजार हा विषय घ्यायचा आहे. विभागातून तिला सांगण्यात आलं की हा विषय डॉक्टरांचा, फार तर मानसशास्त्राचा. तिचे प्रश्न तीन आहेत: समाजशास्त्र यात नक्की काय पाहतं, "मानसिक आजार म्हणजे समाजानं मारलेला शिक्का" असं जे वाचलं ते खरं मानायचं का, आणि सांगली जिल्ह्यात राहून याचं क्षेत्रकार्य कसं करायचं.

मी सांगली-मिरज भागात 26 वर्षं सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून काम करते. डॉक्टरांनी पेशंट पाहण्याआधी हिस्टरी घ्यायची, नंतर घरच्यांशी बोलायचं, गरज पडली तर गृहभेटीला जायचं, असं हे काम. त्यामुळे पुस्तकाइतकंच, किंबहुना थोडं जास्त, बाकावर बसलेल्या माणसांकडून शिकले आहे. त्याच अंगानं उत्तर देते.

"विषय डॉक्टरांचा आहे" हे निम्मं खरं आहे. निदान काय, गोळी कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण माणूस डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत येऊन बसेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. पहिलं लक्षण दिसलं तो दिवस आणि केसपेपर काढला तो दिवस, यांच्यामध्ये कधी सहा महिने गेलेले असतात, कधी सात वर्षं. त्या काळात कुणीतरी पहिल्यांदा म्हणतं, "ह्याचं काहीतरी बिनसलंय." कुणीतरी त्याला नाव देतं. कुठं न्यायचं ते कुणीतरी ठरवतं, पैसे दुसराच कुणी काढतो, आणि "आत्ता नको, आधी पोरीचं लग्न होऊ दे" म्हणून थांबवणारंही घरात कुणी असतं. आजार एकाला झालेला असतो आणि निर्णय बाकीचे घेत असतात. तो मधला काळ हा तुमचा विषय. तिथं डॉक्टर नसतात, मानसशास्त्रज्ञ नसतो. घर असतं, भावकी असते, गाव असतं.

बंगळूरच्या निम्हान्सनं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं, 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. 12 राज्यं घेतली होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. सर्वेक्षणाच्या वेळी प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. आरोग्य खातं हा आकडा वाचून दवाखाने आणि डॉक्टर कमी आहेत म्हणेल, आणि ते खरंच आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं त्याच आकड्यापाशी आणखी एक विचारायचं: जे थांबले त्यांना कुणी थांबवलं, आणि कशासाठी?

सुरुवात नावांपासून करा. आपल्या भागात लोक "मानसिक आजार" असं म्हणत नाहीत. "मनाला लावून घेतलं", "धसका घेतला", "हाय खाल्ली" असं म्हणतात. किंवा "डोक्यावर परिणाम झालाय", "भ्रमिष्ट झालाय". किंवा आवाज खाली आणून, "बाहेरचं हाय", "लागिर झालंय", "कुणीतरी करणी केलीया". अलीकडे "टेन्शन" आणि "डिप्रेशन" हेही आलेत. हे शब्द एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं आहेत असं समजू नका. प्रत्येक नावाच्या पोटात कारण असतं, दोष कुणाचा ते असतं, आणि पुढं कुठं जायचं तेही असतं. हाय खाल्ली म्हटलं की माणूस बिचारा ठरतो, त्याला समजूत घालायची, माहेरी किंवा मामाच्या गावाला चार दिवस पाठवायचं. डोक्यावर परिणाम म्हटलं की दवाखाना येतो, त्यातही आधी मेंदूचा डॉक्टर आणि स्कॅन. बाहेरचं म्हटलं की देवऋषी. दोष मग घराचा राहत नाही, भावकीतल्या कुणाचा तरी होतो.

आणि एक नाव असं आहे की त्यातून कुठलाच दरवाजा उघडत नाही: "नाटकं करतीया."

मी जी घरं पाहिली त्यांत एक गोष्ट इतक्यांदा दिसली की ती तुम्ही तपासून बघावी असं मनापासून वाटतं. झोप नाही, जेवण तुटलंय, बोलणं बंद, अंघोळीला उठवत नाही, अशी तीच लक्षणं घरातल्या वेगवेगळ्या माणसांना आली तर नाव बदलतं. कमावत्या पोराला "टेन्शन" असतं. आजोबांचं "वय झालं". बारावीच्या पोरीला "अभ्यासाचा ताण" किंवा नजर. सुनेची मात्र बहुतेकदा "नाटकं" असतात, आणि ती पुरेशी लांबली की "बाहेरचं". लक्षणं शरीरात असतील, पण नाव त्या माणसाच्या घरातल्या जागेवरून पडतं. एवढा एकच धागा नीट धरला तरी लघुप्रबंध उभा राहतो.

एका पिशवीची गोष्ट सांगते. जत तालुक्यातून एक आई आपल्या 22-23 वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आधी कुठं कुठं दाखवलं?" तिनं उत्तर दिलं नाही. साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उलटी केली. गावातल्या डॉक्टरच्या तीन चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, मिरजेत काढलेल्या सीटी स्कॅनची फिल्म, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली अंगाऱ्याची पुडी, काळा दोरा, सुकून काळं पडलेलं लिंबू, आणि सोसायटीच्या कर्जाची पावती, ती चुकून आलेली. आम्ही दोघींनी मिळून ते तारखेनं लावलं. चिठ्ठ्यांवर तारखा होत्या, अंगाऱ्याच्या तिला आठवत होत्या. आधी गावातलं सलाईन. मग औदुंबरच्या दत्ताला तीन गुरुवार. मग पुन्हा सलाईन, शेजारच्या गावातल्या दुसऱ्या डॉक्टरचं. मग पौष पौर्णिमेला मांढरदेवीला. मग एकदम स्कॅन.

स्कॅन मध्येच कसा आला म्हणून विचारलं. तर मुलाचे चुलते मुंबईला माथाडी कामगार, ते दिवाळीला गावी आले आणि म्हणाले, "डोक्याचा फोटू काढा." त्यांनी सांगितलं म्हणून झालं. तोवर आई चार महिने म्हणत होती की पोरगं एकटंच कुणाशी तरी बोलतंय. तिचं कुणी ऐकलं नाही. कर्जाची पावती स्कॅनच्या दुसऱ्या दिवशीची होती.

त्या दिवसापासून देव आणि डॉक्टर असे दोन वेगळे रस्ते असतात हे मी मानायचं सोडलं. माणसं दोन्हीकडे एकाच वेळी जातात. पाऊल कुठल्या दिशेनं पडणार हे श्रद्धेपेक्षा घरात कुणाचा शब्द चालतो आणि त्या महिन्यात हातात पैसा किती, यावर जास्त ठरतं. तुम्ही क्षेत्रकार्यात "तुमचा अंधश्रद्धेवर विश्वास आहे का" असा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर सगळे एकच देतात. पिशवी बघायला मागा.

अंगात येण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सातारा-सांगलीत राहून ते टाळता येत नाही. आय. एम. लुईस या मानववंशशास्त्रज्ञानं 1971 मध्ये मांडलं होतं की ज्यांना समाजात बोलायला जागा नाही, विशेषतः बायकांना, त्यांना अंगात येण्यातून ती जागा मिळते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एरवी सासऱ्यापुढं पदर न ढळू देणारी बाई, देवी आली की त्यालाच अरे-तुरे करते, "हिला माहेरी का धाडत न्हाईस" म्हणून जाब विचारते, आणि सासरा हात जोडून ऐकतो. तो देवीचं ऐकत असतो. बोलणं मात्र सुनेचं पोचलेलं असतं. दर वेळी हा आजार असतोच असं नाही, आणि ज्या बाईचं पुढं सगळं सुरळीत चालू आहे तिला रुग्ण म्हणणं चूक.

पण याचं कौतुक करत बसू नका, ही विनंती. सायकोसिसमध्ये, म्हणजे भास-भ्रमामुळे वास्तवाचं भान सुटतं अशा आजारात, उपचाराविना जितका काळ जातो तितकं नंतर सावरणं अवघड होतं. तीन-तीन वर्षं उतारे आणि मारहाण सोसून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या हातावरचे व्रण बघितल्यावर "सांस्कृतिक अर्थ" हा शब्द जिभेवर येत नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं तो त्यांच्या खुनानंतर, 2013 मध्येच झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, डांबून ठेवणं, उपचारापासून अडवणं हे त्या कायद्यानं गुन्हा आहे. अभ्यास करताना असं काही समोर आलं तर तुम्ही फक्त निरीक्षक राहू शकत नाही, हे आधीच ठरवून जा.

आता शिक्क्याचा प्रश्न. 1961 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ थॉमस साझ यांनी मानसिक आजार ही कल्पनाच मिथक आहे असं मांडलं. 1966 मध्ये समाजशास्त्रज्ञ थॉमस शेफ यांनी म्हटलं की समाजाचे अलिखित नियम मोडणाऱ्याला "वेडा" हे लेबल लागतं आणि मग तो माणूस त्या भूमिकेत बसत जातो. 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांचा गाजलेला प्रयोग छापून आला: धडधाकट माणसं खोटं लक्षण सांगून मनोरुग्णालयात भरती झाली आणि आत नेहमीसारखं वागूनही त्यांना रुग्णच समजलं गेलं. (या प्रयोगाच्या खरेपणाबद्दल 2019 मध्ये गंभीर शंका पुढं आल्या, तेव्हा तो आधार म्हणून वापरताना जपून.) याच 1973 साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. म्हणजे कालपर्यंत रुग्ण असलेली लाखो माणसं एका ठरावानं रुग्ण राहिली नाहीत. शिक्क्याच्या बाजूनं याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आपल्या कायद्यानंही हा धोका ओळखला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 3 वाचा. एखाद्याची सामाजिक-आर्थिक स्थिती, जात-धर्म, किंवा समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चौकटीत न बसणं यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. आंतरजातीय लग्न करायचं म्हणणाऱ्या मुलीला "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, गोळ्या द्या" म्हणून घेऊन आलेले बाप मी पाहिले आहेत. ते कलम कागदावरचं नाही.

तरीही "आजार म्हणजे फक्त शिक्का" हे मला मान्य नाही, आणि ते तुम्ही लिहू नये असं वाटतं. ज्या मुलाला रात्रभर आवाज शिव्या देतात, त्याचा छळ खरा असतो. औषधानं ते आवाज कमी झाल्यावर तो पहिल्यांदा सलग झोपतो, तेही खरं. समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मधली वाट दाखवली. शिक्का आजार निर्माण करत नसेल, पण "लोक आता मला काय समजतील" या भीतीनं माणूस मागं सरतो, कामधंदा आणि नाती तुटतात, आणि त्यातून आजार बळावतो. आपल्याकडे ते रोज दिसतं. सांगलीचे लोक गुपचूप पुण्याला किंवा कोल्हापूरला दाखवायला जातात, कोल्हापूरचे मिरजेला येतात. गोळ्या आपल्या गावातल्या मेडिकलमधून घेत नाहीत, दुकानदार ओळखीचा असतो. स्ट्रिपवरचं नाव ब्लेडनं खरवडलेलंही मी पाहिलं आहे.

शिक्का एकट्यावर थांबत नाही. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1963 मध्ये लिहिलं की कलंक जवळच्या माणसांनाही चिकटतो. आपल्याकडे त्याची जागा ठरलेली आहे: सोयरीक. धाकट्या बहिणीचं स्थळ मोडतं कारण "घराण्यात वेड आहे". म्हणून थोरल्याचा उपचार तिचं लग्न होईपर्यंत लांबतो. म्हणून त्याचंच लग्न लावून देतात, "लगीन झालं की सुधारंल" म्हणत, आणि मग न सांगता आणलेल्या सुनेच्या नशिबी सगळं येतं. हिंदू विवाह कायद्यात अशा लग्नाबद्दल 1955 पासून तरतुदी आहेत. त्या वापरायला सून कोर्टात जाईपर्यंत तिच्या पदरात दोन लेकरं असतात.

गॉफमन यांनी वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात राहून निरीक्षणं केली होती, ती 1961 मध्ये आली. त्यातली एक गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. रुग्णाला भरतीच्या वेळी सगळ्यात मोठा घाव बसतो तो सख्ख्या माणसानं फसवल्याचा. आपल्या ओपीडीत हे दर आठवड्याला घडतं. "आत्याला भेटायला जायचंय", "तुझे डोळे दाखवू" असं सांगून गाडीत बसवून आणतात. दारावरची पाटी वाचून तो भावाकडे बघतो. ती नजर एकदा पाहिली की विसरत नाही. पुढं वर्षानुवर्षं तो गोळी का घेत नाही याचं उत्तर कधी कधी त्या दिवसात असतं. घरच्यांनाही दोष देऊन चालत नाही, त्यांना दुसरा मार्ग कुणी सांगितलेला नसतो.

जुने मोठे अभ्यास वाचताना ते आपल्या रस्त्यांवर आणून बघा. 1939 मध्ये फॅरिस आणि डनहॅम यांनी शिकागोचा नकाशा मांडून दाखवलं की स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शहराच्या मोडकळीला आलेल्या मध्यभागात जास्त आहेत. प्रश्न लगेच उभा राहिला: ती वस्ती माणसाला आजारी करते, की आजारी माणूस घसरत घसरत त्या वस्तीत पोचतो? मिरज जंक्शनला एकदा संध्याकाळी उभ्या राहा. स्टेशनच्या आजूबाजूला जटा वाढलेली, अंगावर कपड्यांचे थर चढवलेली माणसं दिसतील. त्यांतल्या कुणाची भाषा तेलुगू, कुणाची हिंदी. मिरज स्टेशनला राहून ती आजारी झालेली नाहीत, गाडीनं आली आणि उतरली. दुसरीकडं, घरदार तुटून रस्त्यावर राहणं कुणालाही आजारी करू शकतं. दोन्ही दिशांचे बाण काढून दाखवा, एकाच दिशेचा नको.

हॉलिंग्जहेड आणि रेडलिक यांनी 1958 मध्ये न्यू हेवन शहरात दाखवलं की वरच्या वर्गातल्या रुग्णाला बोलून उपचार मिळतात आणि खालच्या वर्गातल्याला गोळ्या, शॉक नाहीतर नुसतं डांबून ठेवणं. यावर आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांचा 1978 चा अभ्यास. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांच्या घरी जाऊन, तासन्‌तास बोलून त्यांनी तो केला. आयुष्यात मोठा धक्का बसला तरी सगळ्याच बायकांना नैराश्य येत नव्हतं. धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी त्यांना सापडल्या: मनातलं सांगावं असं जवळचं माणूस नसणं, 14 वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं घरात असणं, घराबाहेरचं काम नसणं, आणि वयाच्या 11 वर्षांआधी आई गेलेली असणं.

यातली पहिली गोष्ट घेऊन खानापूर-आटपाडीच्या एखाद्या वस्तीवर जा. तुमच्या भागातले पुरुष गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला, देशभर पसरलेले. काही जण बायको-मुलांना नेतात, काही नेत नाहीत. शिवाय गेल्या काही दशकांत घरं गावठाणातून उठून मळ्यात गेली. पाणी आलं, शेतातच बंगला बांधला. बंगला चांगला असतो. पण गावठाणात भिंतीला भिंत होती, पाण्याला जाताना चारचौघी भेटायच्या, आता नळ दारात आणि शेजारीण दोन शेतांपलीकडं. अशा वस्तीवरच्या बायका आमच्याकडं येतात तेव्हा कुणी "उदास वाटतं" म्हणत नाही. "अंग मोडून आलंय, डोकं जड, छातीत धडधडतंय, हातापायाला मुंग्या." चीनमधल्या हुनान प्रांतात मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1980 च्या दशकात हेच नोंदवलं होतं, की थकवा आणि डोकेदुखी या नावाखाली माणसं आपलं मोडलेलं आयुष्य सांगत होती. मी अशा बाईला शेवटी एकच विचारते, "बोलायला कोण आहे?" पुष्कळदा उत्तराआधी डोळ्यांत पाणी येतं.

इथं माझी एक चूक सांगते, कारण ती पद्धतीची चूक आहे आणि तुमच्याकडूनही होऊ शकते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका बाईची हिस्टरी मी नवऱ्याकडून घेतली. ती शेजारी बसली होती, मान खाली. मी लिहिलं: चिडचिड करते, घरकामात लक्ष नाही, नवऱ्यावर संशय घेते, दागिने चोरीला गेले म्हणते. तिसऱ्या भेटीत नवरा गोळ्या आणायला खाली गेला तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझं गंठण त्यांनी खरंच मोडलंय." चौकशी केली तर ते खरं निघालं. मी एका सत्य घटनेची नोंद लक्षण म्हणून केली होती, आणि माझ्या अक्षरातला तो कागद दोन महिने तिच्याविरुद्ध बोलत होता. तिला नैराश्य होतं, गोळ्यांनी तिला बरं वाटलं, तेही तितकंच खरं. पण कागदावर कुणाचं म्हणणं येतं आणि कुणाचं येत नाही, हे मी त्या गंठणापासून शिकले. आजही दोन हिस्टरी घेते, वेगवेगळ्या खोलीत.

आकडे वाचतानाही हेच लागू. आत्महत्येचा समाजशास्त्रीय अभ्यास एमिल डर्काइम यांनी 1897 मध्ये घालून दिला: प्रमाण गटागटांनुसार बदलतं, आणि माणूस समाजाशी किती बांधलेला आहे याच्याशी त्याचं नातं आहे. पण 1967 मध्ये जॅक डग्लस यांनी विचारलं की ज्या सरकारी नोंदींवर हे उभं आहे त्या कुणी, कशा केल्या? आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. कारणांत "कौटुंबिक समस्या" 31.7 टक्के आणि "आजारपण" 18.4 टक्के. तो रकाना पोलीस भरतात, नातेवाइकांच्या जबाबावरून, घरात सुतक असताना. आपल्या स्थानिक बातम्यांतलं "पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून" हे वाक्य तुम्ही लहानपणापासून वाचलं असेल. ते कुणालाच दुखावत नाही, म्हणून ते लिहिलं जातं. द्राक्षबागेचं कर्ज, घरातली मारहाण, वर्षभर अंगावर काढलेलं नैराश्य, यांतलं काहीही त्या वाक्याखाली असू शकतं. म्हणून एकाच कारणावर कधी बोट ठेवू नका, आणि हा विषय एम. ए. च्या क्षेत्रकार्यासाठी घेऊही नका. शोकातल्या घरात प्रश्न विचारायला अनुभव लागतो.

क्षेत्रकार्य. रुग्णांच्या मागं जाऊ नका. ओपीडीचं रजिस्टर तुम्हाला मिळणार नाही आणि मिळूही नये. 2017 च्या कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय आहे, आणि कलम 99 प्रमाणे मुलाखतीसारख्या संशोधनासाठीसुद्धा रुग्णाची मोकळी, समजून दिलेली संमती लागते. शिवाय रजिस्टरमध्ये फक्त पोचलेली माणसं असतात. तुमचा विषय न पोचलेली आणि उशिरा पोचलेली माणसं आहेत. तुम्ही नाव देणाऱ्यांकडं जा. आशाताई, अंगणवाडीताई, गावातला डॉक्टर, मेडिकलवाला, शाळेतले गुरुजी, देवऋषी, लग्न जमवणारे मध्यस्थ. त्यांना एक छोटी गोष्ट सांगा, "एक जण महिनाभर झोपत नाही, बोलत नाही, अंघोळ करत नाही." मग विचारा, हे काय असेल आणि कुठं न्यावं. गोष्टीतलं माणूस बदला, एकदा मुलगा, एकदा सून, एकदा म्हातारा. नाव कसं बदलतं ते टिपा. कुणाच्या जखमेला हात न लावता तुम्हाला भरपूर मिळेल.

ज्या पाच-सहा घरांची खात्रीनं संमती मिळेल त्यांच्याशीच सविस्तर बोला, आणि काळ मोजताना तारखा विचारू नका. "बेंदराच्या आधी का नंतर?", "ऊस गेला होता का?", "2019 च्या महापुरात तो घरी होता का?" असं विचारलं की कृष्णाकाठच्या माणसाला महिनासुद्धा आठवतो. दुष्काळी पट्ट्यात जनावरांच्या चारा छावणीचं साल विचारा.

नाव बदललं म्हणजे ओळख झाकली असं समजू नका. "विट्याजवळचं गाव, तीन भाऊ, थोरला फौजेत" एवढं लिहिलं तरी पंचक्रोशीला घर कळतं. गाव, भावंडं, धंदा, सगळं हलवा, किंवा चार घरांचं मिळून एक लिहा आणि तसं केल्याचं सांगा. फोटो नकोत. आणि बोलता बोलता कुणी जगणं नको झाल्याचं बोललं तर वही तिथंच बंद. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला बोलवायचं, 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोलायला मदत करायची. हा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलतात. मुलाखत राहिली तर राहू दे.

विभागाला पटवायला विषयाचं शीर्षक बदला. "मानसिक आजाराचा अभ्यास" म्हटलं की ते डॉक्टरांकडं बोट दाखवणार. "खानापूर तालुक्यातील कुटुंबांमध्ये मानसिक त्रासाला नाव देण्याची आणि उपचाराचा निर्णय घेण्याची प्रक्रिया" असं लिहून द्या. यात एकही शब्द वैद्यकाचा नाही. कुटुंब, सत्ता, नातेसंबंध, लिंगभाव हे सगळं समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं आहे.

बायकांशी घरात बोलायला गेलात तर सासू चहा घेऊन शेजारी बसेल आणि सगळी उत्तरं तीच देईल. त्यापेक्षा भांगलणीला जा. खुरपं घेऊन पातीला बसा, हात चालू ठेवा. पहिले दोन दिवस त्या तुमच्याच लग्नाचं विचारतील. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पातीवरून कुणीतरी आपण होऊन सांगायला लागेल, तेव्हा वही काढू नका. संध्याकाळी घरी गेल्यावर लिहा, तिच्याच शब्दांत.